निळं

रात्रपाळीचं पाणी नदीला देण्याआधी
मी ते काचेच्या नळीत धरते,
दोन थेंब टाकते, दहा मिनिटं वाट पाहते.
निळं चढलं, तर फॉस्फेट अजून पाण्यात आहे.
फिकट राहिलं, तर आमचे जिवाणू जेवलेत.

टाकळीच्या पहिल्या टाकीत हवा नसते.
तिथे ते गाठीचं मोडतात,
पोटातल्या साखळीचा एकेक मणी तोडून
पाण्यात सोडतात
आणि त्या बळावर आंबूस अन्न आत ओढून घेतात.
नवा इंजिनिअर नळी बघून हादरला होता.
"मॅडम, हे तर उलट वाढवतायत!"
थांबा, म्हटलं. पुढची टाकी बघा.

पुढच्या टाकीत ब्लोअर घुमतो.
श्वास मिळाला की
सोडलं होतं तेवढं उचलतात, आणि वर आणखी.
लागत नाही तरी.
पुन्हा हवा जाईल, हे त्यांना कुणी सांगितलं
माहीत नाही.
रंगवून भिंगाखाली घेतले
तर जांभळ्या दाण्यांचे घोस दिसतात,
मोहाडीच्या मळ्यात छाटणी चुकलेल्या वेलीसारखे, दाटीवाटीने.
त्यांच्या या हावेवर
गोदावरीतली पाणवेल उपाशी राहते.

मंगळवारी दोन तास लाईट गेली.
निंबा बेंडकुळे डिझेलचा कॅन घेऊन
अंधारात धावला, पायरीवर गुडघा फोडून घेतला.
तोवर त्यांनी मणी सोडायला सुरुवात केली होती.
पहाटेची नळी शाईच्या दौतीसारखी.
आकडा मी खरा लिहिला.
साहेबांनी दोनदा विचारलं, खरा ना?

भाऊ मोहाडीला द्राक्षांना
शून्य-बावन्न-चौतीस सोडतो,
पिशवीचा भाव सांगताना आवाज खाली आणतो.
म्हटलं, आमच्याकडे गाळात हेच पडलंय,
लोकांच्या ताटातलं, साबणातलं,
कदाचित तुझ्याच पिशवीतलं.
हसला. "संडासातलं द्राक्षाला?"
मी गप्प बसले. एक्स्पोर्टवाले काय म्हणतील
ते मलाही ठाऊक आहे.

गाळ वाळवायच्या वाफ्यावर
कुणी न लावलेली टोमॅटोची रोपं आलीत,
हिरवी गच्च, फळांनी वाकलेली.
शहराने बिया गिळल्या, त्या इथवर आल्या.
गुडघ्याला पट्टी बांधलेला निंबा
एक तोडतो, शर्टाला पुसतो,
माझ्याकडे बघतो.

मी नळी उजेडाकडे धरते.
अजून चार मिनिटं आहेत.