पाव्हणं काय म्हणालं

मिरजेच्या जुन्या बाजारातून दादांनी तबकडी आणली,
सायकलच्या कॅरेजला, हापूसच्या पेटीसारखी जपून.
धोंडीराम झेले यांचे विनोदी किस्से. दोन बाजू.
ओरखडा तिला आधीचाच.
वखारभागात हळदीचा हंगाम होता,
दादा आडतीवर तोलाईला,
कव्हरवर अंगठा उमटला तो कायमचा, पिवळा.

पहिल्या बाजूच्या शेवटी
पाव्हणं दारात उभं, घरात पीठ नाही,
यजमान उगाच म्हणतो, "बसा की, घाई काय हाय?"
तर पाव्हणं म्हनलं—
तर पाव्हणं म्हनलं—
तर पाव्हणं म्हनलं—
दादा पिनेच्या डोक्यावर चार आणे ठेवायचे
आणि पीन उडायची ती थेट टाळ्यांत.
तिकडे सभागृह हसतंय,
आणि इकडे आम्ही, कशाला ते न कळता,
त्यांच्या वरताण.

मग उत्तरं.
भाऊ म्हणे, "पाव्हणं म्हनलं, म्हस किती दूध देती?"
शेजारचे रज्जाक टेलर रोज नवं सांगत,
त्यातलं एक अजूनही इथं लिहिता येणार नाही.
दादांचं ठरलेलं, "आठ आणे ठेवा, मग सांगतो."
आई आतून, भाकरी थापता थापता,
"काय म्हणणार? जेवूनच जातो म्हणाले असतील."
यावर कोणी हसायचं नाही.
दादा बाजू उलटायचे.

दादा गेले. मग पुराच्या साली
तबकडी पापडासारखी वाकली.

परवा विश्रामबागेत, भजनांच्या ढिगाखाली, सीडी सापडली.
साठ रुपये. झेल्यांचा फेटा कोणीतरी केशरी रंगवलेला.
प्लास्टिकवर अंगठा उमटत नाही.
खरखर सगळी धुऊन काढलीय,
ते पाणी पितात तो घोटसुद्धा ऐकू येतो.

तर पाव्हणं म्हनलं—
माझा हात आपोआप पर्समध्ये, नाण्यासाठी.

"जेवूनच जातो की मग!"

सभागृह कोसळलं. शिट्ट्या.
मागच्या रांगेतली एक बाई तर थांबेचना.
मी तेवढी गप्प.

"काय म्हणालं गं पाव्हणं?" आईनं विचारलं,
तिला आता कमी ऐकू येतं.
मी ओरडून सांगितलं.
"मग? मी काय सांगत होते?"
आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

मी मागं नेलं, आवाज शेवटपर्यंत वाढवला,
तिच्या वाक्यावर हसणारी एवढी माणसं
तिला एकदा ऐकू यावीत म्हणून.
तिनं ऐकलं. टरफलं सुपात झटकली.
म्हणाली, "बरं, आता दुसरी बाजू लाव."