अंगठा

स्मरणिकेसाठी तू विचारतोस, स्थापना कधी झाली.
तारीख छापील आहे. बेंगळुरू, नोंदणी क्रमांक,
खाली सात सह्या, त्यातल्या चार वकिलांच्या.
तीच लाव. तिचे फोटोही आहेत.

मला विचारशील तर निपाणीत,
पी. बी. रोडमागच्या तंबाखूच्या वखारीत,
दार अर्धं ओढून घेतलेलं.
आत खकाणा असा, की सगळ्या एकीमागून एक शिंकत होत्या
आणि शिंका थांबेपर्यंत कुणाला बोलता येईना.
पहिल्या बैठकीत ठराव झाला नाही,
शिंकाच झाल्या म्हण.

निमित्त शालन घस्तेचं.
विधवा वेतनाचा तिचा अर्ज परत आलेला,
वर शेरा कानडीत.
मी कानडी शाळेतली, सातवी पास, म्हणून मला पुढं ढकललं.
वाचलं : अंगठ्याचा ठसा अस्पष्ट.
शालननं अंगठा बल्बाखाली धरला.
सतरा वर्षं विड्या वळून रेघा गेलेल्या,
वेदगंगेतल्या गोट्यासारखा गुळगुळीत.
‘मंजे मी हाय का न्हाई गं?’
एकदोघी हसल्या.
मग एकेकीनं शाईत बोट बुडवून
माझ्या वहीवर दाबलं.
त्रेचाळीस डाग.
आपली पहिली हजेरी ती.

चिकोडीच्या कचेरीत कारकून मान वर न करता म्हणायचा,
‘नाळे बर्री.’ उद्या या.
त्याच दिवसांत गावोगाव दारांवर खडूनं लिहिलेलं असे
नाळे बा,
रात्री दार ठोठावणारं भूत ते वाचून परत जावं म्हणून.
हुसेनबी मुल्ला म्हणाली,
‘आमी भुतंच की वो त्यास्नी.’
आणि तिनं माझ्याकडून कचेरीच्या फाटकावर लिहून घेतलं
इवत्तु.
आज.
पंचनाम्यात अजून सापडेल :
पांढरा खडू, अर्धा, नग एक.

नंतर संकेश्वरच्या आल्या, रायबागच्या,
खानापुरातून जंगलाकडच्या दोघी, बस चुकून दुसऱ्या दिवशी पोचलेल्या,
मग पार रायचूर, कोलार.
भांडणं झाली, नाही म्हणत नाही.
फलक मराठीत का कानडीत, यात दोन बैठका गेल्या.
दुसरीत तर चहासुद्धा वेगवेगळा प्यायलो.
शेवटी मल्लव्वा कानडीत कडाडली,
आणि मी मराठीत सांगितलं, शिव्या गाळून :
वाचता येतंय कितीजणींना? अंगठा काढा.
बेंगळुरूच्या चित्रकारानं त्या डागाला
सुरेख गोल गोल रेघा काढून दिल्या.
लेटरहेडवर तोच आहे अजून.
कुणाचा अंगठा कोण जाणे,
आमच्यातल्या कुणाचा नाही.

अकरा वर्षांनी आदेश निघाला, दीड ओळीचा :
ठसा न उमटल्यास दोन साक्षीदार चालतील.
एवढंच.
त्याच्यासाठी किती रात्री त्या गाडीच्या संडासाशेजारी बसून काढल्या,
हे तू लिहू नकोस, वाचणाऱ्याला कंटाळा येतो.
शालननं पहिल्या हप्त्यातून सगळ्यांना भडंग चारला.
तिखट लागला म्हणून डोळ्यांतून पाणी आलं,
असं सगळ्याच म्हणाल्या.

परवा रेशन दुकानात मी मशीनवर अंगठा ठेवला.
लाल दिवा.
पदरानं पुसून ठेवला. लाल.
मीही वळल्यात विड्या, सभा नसत तेव्हा.
दुकानातला पोरगा चांगला आहे,
खुर्ची दिली, पाणी दिलं,
म्हणाला, मावशी, उद्या बघू या का?

मी पिशवीतून झेरॉक्स काढली.
त्याला ती कसली ते माहीत नव्हतं.
बसून वाचून दाखवली, दीड ओळ, दोनदा.
मग साक्षीला रांगेतल्या दोघी पुढं आल्या,
एक मराठी बोलत होती, एक मोबाइलवर.

तेव्हा असं कर.
माझा फोटो नको, त्यात मी डोळे मिटलेत.
वहीचं पहिलं पान छाप.
छापखान्यातला म्हणेल, मॅडम, नुसते डाग आहेत हे,
साफ करून देऊ?
त्याला नको म्हण.