माप

सातवी पगडी उलटी धरून कारकून विचारतो,
"आत हे फडकं कोणाचं?"
बाराव्याला अजून दोन दिवस आहेत.
लष्करात बातमी पोचायच्या आत कुलपं पोचतात.

मी म्हणतो, असेल अस्तराचं.
तो लिहितो: पगडी, किरमिजी,
जर शाबूत, अस्तर मळकट.

आबासाहेबांची पगडी
त्यांच्या डोक्यावर कधी बांधली गेली नाही.
ती माझ्या उजव्या गुडघ्यावर बांधायची,
मग अलगद उचलून त्यांच्या डोक्यावर.
अकरा वर्षांचा मी फडतऱ्यांच्या देवडीवर आलो
तेव्हा म्हाताऱ्या हुजऱ्यानं माझा गुडघा चाचपला,
बैल घेताना खांदा बघतात तसा,
आणि म्हणाला, धाकट्या सरकारांच्या मापाचा आहे, ठेवा.
मग दोघं वाढलो बरोबरीनं,
ते डोक्यानं, मी गुडघ्यानं.

कोठीवाले हसायचे, येसूची अक्कल गुडघ्यात.
गुडघ्यात कोणाची, ते मी कधी विचारलं नाही.

बहीण उज्जैनहून निरोप धाडायची,
दादा, तुझ्या गुडघ्याला बाशिंग कधी?
मी कळवायचो, तिथं जागा नाही.
थट्टाच होती.
पुढं पुढं निरोप यायचे थांबले.

एक घडी चुकली की जोडा फेकून मारायचे.
नेम चांगला होता त्यांचा.
उन्हाळ्यात खसाच्या पडद्यावर पाणी मारताना
माझ्या कपाळावरची खोक बघून
एकदा म्हणाले, कुठं पडलास रे?
म्हटलं, जिन्यात.

मग गेल्या दसऱ्याला
पगडी ठेवली आणि ती भुवयांवर उतरली.
गुडघा तोच होता.
डोकं ओसरलं होतं,
वैशाखातल्या तळ्यासारखं, काठ उघडा टाकून.
मी जोड्याची वाट बघत उभा.
ते आरशात बघत राहिले.
"येसू, आत वारा फिरतोय."
एवढंच.

बाहेर हत्तीवर झूल चढली होती.
माझ्या नेसत्या धोतराचं टोक फाडलं,
चार पदरी घडी करून आत बसवलं.
पगडी बसली.
दरबाराबाहेर मी चपला-जोड्यांच्या राखणीला,
आणि माझ्या धोतराची कड आत,
गादीपुढं तीनदा लवली.

कारकून आता ते ओढूनच काढतो,
दोन बोटांत धरून, उंदीर धरावा तसं,
आणि ओळ खोडतो: अस्तर नाही.
"तुझी काही बाकी आहे का रे दरमहाची?"
नाही, म्हणतो मी.
फडकं उचलून कनवटीला खोचतो.
ताठ झालंय घामानं.
धुवायचं की नाही, ते ठरत नाही.

उठताना उजवा गुडघा कट्कन वाजतो.
कारकून मान वर करून बघतो,
खोलीत आणखी कोणी बोललं की काय.