न दिसणाऱ्या बाजू, बारा

तार्तूत नदीकाठी एक वस्ती आहे,
तिथल्या गल्ल्यांना भाज्यांची नावं:
बटाटा, वाटाणा, घेवडा.
वाटाण्याच्या गल्लीत, लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर
लीलो आणि तावेत.
स्वयंपाकघराची भिंत पाच मीटर दहा,
कोपरा काटकोनाला दोन अंश चुकलेला.

मी टेप ओढत होते, तावेतने टोक धरलं होतं.
मिठाची बरणी कुठे ठेवायची विचारावं
तशा आवाजात लीलो म्हणाली,
"सुटं होणारं हवं. म्हणजे उद्या
वाटून घेता येईल."
तावेतने टोक सोडलं नाही.
"चार खण तिचे, तीन माझे," तो म्हणाला.
मग सोडलं. टेप सर्रकन आत गेली.
मी वहीत लिहिलं: लवचिक.
आमच्या धंद्यात यालाच लवचिक म्हणतात.

सात खण. प्रत्येक सहाशे मिलिमीटर,
प्रत्येक आपापल्या पायांवर उभा.
पाय फिरवले की वर, फिरवले की खाली.
ओटा सलग नाही, त्याचेही तुकडे,
सांध्यांवर पितळेची पट्टी, फटीत पीठ साचू नये म्हणून.
बोल्ट आतून. सगळ्यांना एकच चावी.
सिंक तेवढं कुणाच्याच वाट्याला नाही,
नळाला बांधलेलं जनावर ते,
भिंतीपाशी उरलेल्या जागेत आहे तिथेच राहणार.

काल्यु म्हणाला, "दोन खणांच्या मधल्या बाजू
कच्च्या सोडू. कोण बघायला येतंय?"
तो चाळीस वर्षं सुतारकाम करत होता
आणि त्याचं बरोबरच होतं.
पण जे सुटं होणार त्याला आतली बाजू नसते,
त्याला चहूकडून चेहरा द्यावा लागतो.
त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं,
बर्चच्या पापुद्र्याचे बारा तुकडे जास्तीचे कापले.
बिलात ती वेगळी ओळ होती:
न दिसणाऱ्या बाजू, बारा.
त्यांनी घासाघीस केली नाही.

मधे एकदाच बोलावणं आलं.
तावेतची आई राहायला आली होती,
बसून बीट सोलायची.
मी एक खण चार बोटं खाली उतरवला.
पुढच्या वसंतात पुन्हा वर चढवला.
त्याबद्दल कुणी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मग नवव्या वर्षी, नोव्हेंबरात, लीलोचा फोन.
काल्युचे गुडघे गेले होते, मी एकटीच गेले.
चौथ्या आणि पाचव्या खणामधले बोल्ट
सहज निघाले नाहीत.
पितळी पट्टीखाली शेपूचं बी,
काळ्या पावाचा चुरा, माशाचा एक बारीक काटा.
(पीठ साचलं नव्हतं. ते मला उगाच बरं वाटलं.)

खण ओढले.
बाहेरून लाकूड मधाच्या रंगाचं झालेलं,
रात्री अकरालाही न मावळणाऱ्या नऊ उन्हाळ्यांनी.
आणि ज्या दोन बाजू एकमेकींना टेकून होत्या
त्या पहिल्या दिवशीच्या. पांढुरक्या. कोऱ्या.
लीलोने तिच्या खणावर तळवा ठेवला,
तावेत त्याच्या खणापाशी वाकला.
"उजेड लागला की वर्षभरात सारखं होतं,"
मी म्हटलं. खरंच होतं तसं.
तरी ते बोलायला नको होतं.

बारातल्या दोनच बाजू उघड्या पडल्या.
दहांचे पैसे मी फुकट घेतले
असं परतताना मनात आलं.

आता नदीपलीकडे, काँक्रीटच्या इमारतीत,
चौथ्या मजल्यावर तिचे चार खण लावायचे आहेत.
इथले कोपरे बिनचूक नव्वद अंशांचे.
लीलो खाली, ट्रेलरमधून खोकी काढतेय.
मी टेपचा आकडा खिडकीच्या कडेला अडकवते
आणि मागे मागे सरते, जपून,
तो निसटू नये म्हणून.