उचकीवरची नावं

सोलांज आली त्या मंगळवारी पंखा बंद होता,
मी ऑफिसात बाप्तिस्म्याचे दाखले लिहीत बसलेले.
तिने टेबलावर कागद ठेवला,
तिच्या बेटावरच्या दप्तराची नक्कल:
इनास, ठाण्याची. पोरकी.
वय चौदा किंवा सोळा. दात पूर्ण.
खाली नवऱ्याचं नाव, त्याचं गाव, त्याच्या बापाचं नाव,
बापाच्या गलबताचंसुद्धा.

बेट फ्रेंचांचं, ती म्हणाली.
पुरुष होते, गुरं होती,
कासवं इतकी की पाठींवरून चालत किनारा गाठावा.
बायका नव्हत्या.
मग तिकडून यादी आली: मिरी, कापड, दोरखंड,
लग्नाच्या पोरी.

तिचं घर कुठे होतं?

मी कपाट उघडलं.
त्या सालांचं बुक वाळवीने कधीच वाचून संपवलंय.
उजेडाला धरलं तर चाळण.
काय दाखवू? पोरकीला घर नसतं,
ती ज्याच्या ओट्यावर झोपते त्याचं घर असतं.

म्हणून तिला आमचं लग्न सांगितलं.
आदल्या दिवशी उंबराचं पाणी:
वाजत गाजत विहिरीवर जायचं, कळशी डोक्यावर,
त्या पाण्याने नवरीची आंघोळ.
इनासला महिनोन् महिने पाणीच पाणी
आणि विहीर कुठे नाही.
पेटीत काय दिलं असेल? फणी, सुया,
ठाण्याच्या मागावरचं हातभर रेशीम?
कुणी विचारलं असेल, जातेस का?
आणि कोणत्या भाषेत?

चहा आला. "जसिंताबाय, बिस्किटं मोडकीच उरलीत."
त्यातलं एक सोलांजच्या घशात अडकलं
आणि तिला उचकी लागली.
तिने छातीवर हात ठेवला,
शाळेतल्या पोरीसारखी ताठ बसली, आणि म्हणाली:

मासूंद.
शराय.
उत्लसार.
कोल्बा.
बाल्कूम.

बाल्कूमला थांबली.

हे काय गं?
काही नाही. त्याला अर्थ नाही.
आजी म्हणायची. तिची आजी म्हणायची.

माझं पेन कागदावर तसंच, शाईचा ठिपका मोठा होत गेला.

आमच्याकडे उचकी लागली की एकेकाचं नाव घेतात.
आईचं, मावशीचं,
भांडून गेलेल्या जावेचंसुद्धा.
ज्याच्या नावाला थांबते, तो आठवण काढत असतो.
आता बघा:
गलबताच्या पोटात, ओकारीच्या वासात,
एका पोरीला उचकी लागलीय.
ती नाव घेणार कुणाचं?
आई नाही. बाप नाही.
जिने वाढवली तिनेच पेटी भरली.
मग तिने तळ्याचं नाव घेतलं.
आळीचं घेतलं. पाड्याचं घेतलं.
कुठल्या तरी नावाला थांबली असणार,
नाहीतर पुढच्या पोरींना शिकवली नसती.

मी सोलांजला समजावत बसले नाही.
दंडाला धरून बाहेर आणलं,
रस्ता ओलांडून तळ्याच्या कठड्याशी.
बदकाच्या आकाराच्या होड्या एकमेकींना बांधलेल्या,
शेंगदाणेवाला पुड्या वळत होता.
मासुंदा, मी म्हणाले.
तिने आधी माझ्याकडे पाहिलं. पाण्याकडे बऱ्याच वेळाने.

मग बसथांब्यावरची पाटी.
बोट ठेवून वाचून दाखवली:
चरई. उथळसर. कोलबाड.
शेवटच्या नावावर कुणीतरी क्लासची जाहिरात डकवलेली,
ती नखाने खरवडली.

बस आली. कंडक्टरने विचारलं, कुठे?
मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली,
बाल्कूम.
बाळकूम, त्याने न बघता सुधारलं
आणि दोन तिकिटं फाडली.

तिला ळ येत नव्हता.
उथळसर जाईपर्यंत मी तोच शिकवत होते.
जीभ मागे वळव, सांगत होते,
अजून मागे.