घड्याळाच्या टेबलावरून

केना व्हर्बका आली तेव्हा
तिच्या पिकअपच्या चाकांवर शेण गोठलेलं होतं.
जिमच्या दाराशी तिनं गमबूट काढले,
पिशवीतून काळे बूट काढले, पॉलिश केलेले,
आणि पहिलीच्या मुलींच्या बाथरूममध्ये जाऊन
काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून आली.
पंचांची खोली एकच, आणि आत आधीच दोघे पुरुष.

मी घड्याळ सांभाळते,
मंगळवारी आणि शुक्रवारी. एरवी औषधांचं दुकान.
गावात सहाशे माणसं,
कुणाचा रक्तदाब किती, मला तोंडपाठ.
माझं काम सोपं आहे:
शिट्टी वाजली की वेळ थांबवायची,
चेंडूला हात लागला की सोडायची.

शीळ घातली म्हणून मावशीनं
माझ्या ओठांवर उलथनं मारलं होतं, कंधारला.
पोरीच्या जातीनं, म्हणाली, आणि वाक्य तिथंच सोडलं.
हिला बापानं स्वतः शिकवली,
दोन बोटं जिभेखाली कशी दुमडायची,
टेकडीपलीकडचा कुत्रा परत यावा म्हणून.

"पंचगिरी मी फाटकाशी शिकले,"
एकदा आईच्या थायरॉइडच्या गोळ्या न्यायला आली
तेव्हा सांगत होती.
थंडीच्या तोंडावर वासरं आयांपासून वेगळी करतात,
बाप चिंचोळ्या वाटेनं एकेक हाकत आणतो
आणि फाटक धरून ही, नऊ वर्षांची.
ही आत. ही जाऊ दे. ही आत.
विचार करत बसलीस तर गाय गेलेली असते.
पहिल्या वर्षी बाप ओरडून सांगायचा,
मग सांगेनासा झाला.

एका सामन्याचे पंचाहत्तर डॉलर,
त्यातले तीस पेट्रोलला.
उन्हाळ्यात स्वतःच्या पैशानं कॅन्ससला शिबिराला गेली,
तिथं कुणीतरी तिचाच व्हिडिओ
थांबवून, मागे नेऊन, पुन्हा थांबवून म्हणालं,
चेंडू बघतेस तू. चेंडू तर तिकीट काढलेला माणूसही बघतो.
पाय बघ.

आज चार सेकंद उरले होते,
आपण एका गुणानं मागे.
कुचेरांचा पोरगा झेपावला, आपटला,
हनुवटीवर घसरत भिंतीच्या गादीपर्यंत गेला.
सगळी जिम उभी.
तिचाच कोपरा होता तो.

माझं बोट बटणावर.
खोटं कशाला बोलू, थोडं दाबलंही गेलं होतं.
तिच्या ओठांतल्या त्या काळ्या तुकड्याकडे बघत होते मी,
वाज, वाज,
तीन,
तिची नजर पायांवर,
दोन.
शिट्टी नाही.

भोंगा माझ्याच टेबलावरून वाजला.

मग जे वाजलं ते काय सांगू.
घरी जा, गाई धू. आंधळी.
आणि आणखी काही, ज्यांच्या गोळ्या मी भरते त्यांच्या तोंडून.
पाचामुखी परमेश्वर म्हणतात आमच्याकडे,
इथं चारशे तोंडं होती.
शब्द मात्र आमचा पंच, म्हणजे पाच जण,
आणि ती तिथं रेषेवर एकटी,
हात मागे बांधून, मान सरळ.
वरच्या बाकावर तिचा बाप बियाण्यांची टोपी घालून बसलेला,
शेजारी कुचेरा, ज्याचं बेलर तो दर जूनला मागून आणतो.
दोघं एकमेकांकडे न बघता उठले.

पार्किंगमध्ये ती काचेवरचा बर्फ खरवडत होती.
मला विचारायचं होतं.
"आईच्या गोळ्या आल्या का?" तीच म्हणाली.
उद्या, म्हटलं मी. दहानंतर.
"मग दहानंतर येते. आधी व्हिडिओ बघते."
खरवडणं थांबलं नाही.

गाडीत बसल्यावर मी दोन बोटं दुमडून पाहिली,
जिभेखाली, एक्कावन्नाव्या वर्षी.
नुसती हवा.
काचेवर आतून वाफ धरली
आणि तिच्या पिकअपचे लाल दिवे
त्यात पसरट होत गेले,
उत्तरेला वळले की दक्षिणेला,
दिसलं नाही.