वरीलपैकी सर्व

सातपूरला आयटीआय सिग्नलच्या अलीकडे,
पतसंस्थेच्या वरच्या मजल्यावर
बारा दिवसांचा वर्ग.
चहा दोनदा. मिसळ फक्त शेवटच्या दिवशी,
असं पत्रकातच छापलेलं.

आम्ही सव्वीस जण.
वडाळा नाक्याची नूरजहाँ पिंजारी, अंगणवाडीतली.
दिंडोरीचे दामू गांगुर्डे, अकरा वर्षं थेंब नाही,
पण वायनरीचा फाटा आला की अजून
बसमध्ये मान दुसरीकडे वळवतात.
आणि मी,
नाशिकरोडच्या एका मेडिकलमध्ये
चौदा वर्षं काउंटरमागे उभा राहिलेला.
ओळख करून देताना हे सांगितलं नाही.
म्हटलं, समाजकार्याची आवड.

खैरनार मॅडमनी फळ्यावर मेंदू काढला,
तो झाला द्राक्षाचा घड.
मग म्हणाल्या, नशेबाज म्हणू नका,
माणूस आधी, नशा नंतर.
आणि विचारा. विचारून झालं की गप्प बसा.
गप्प बसणं कौशल्य आहे, त्याला दहा गुण आहेत.
गांगुर्डे पुटपुटले,
'आमच्या घरात सगळे पहिले आले असते.'

सहाव्या दिवशी चिठ्ठ्या टाकून नाटक.
नूरजहाँला आला मुलगा, वय सतरा.
मला आला औषधविक्रेता.
ओढणी सावरत ती म्हणाली,
'भैया, खोकल्याचं औषध द्या ना, फार खोकला झालाय.'
हॉल हसला.

असं कोणी मागत नाही, मी म्हटलं.
तो खोकत नाही. औषधाचं नावही घेत नाही.
दोन बोटं काचेवर टेकवतो,
सुटे पैसे आधीच मोजलेले,
नजर रस्त्याकडे.
आणि आपण, म्हणजे विक्रेता,
बिल फाडत नाही.
बाटली वर्तमानपत्रात गुंडाळताना
एवढंच विचारतो, 'आज दोन?'

पंखा तेवढा वाजत राहिला.
कोणी काही विचारलं नाही.
सगळ्यांना दहापैकी दहा.

कल्पेश आहेर. प्रेसच्या क्वार्टरमधला.
नोटा छापणाऱ्या गावात
तो कायम चिल्लर घेऊन यायचा.
एका दिवाळीनंतर यायचा थांबला.
दुकान बदललं असेल, असं मी धरून चाललो.
पुढची तीन वर्षं तसंच धरलं.

परीक्षा शंभर गुणांची, साठला पास.
प्रश्न सदतिसावा:
किशोरवयात धोका वाढवणारा घटक कोणता?
अ, घरातलं वातावरण.
ब, मित्रांची संगत.
क, सहज मिळणं.
ड, वरीलपैकी सर्व.
उत्तर पाठ होतं.
तरी पेन्सिल क पाशी गेली,
गोल काढला, आणि खोडरबर
शेजारीच होतं.

एक्क्याऐंशी मिळाले.
प्रमाणपत्रावर मधुसूदनचं मधूसुदन झालं.
दुरुस्तीला पंधरा दिवस लागतील, म्हणाले.
राहू द्या, म्हटलं.
पास झालेला दुसराच कोणी असेल
तर त्याला तरी त्रास नको.
मिसळीची तर्री मात्र खरोखर जहाल होती,
गांगुर्ड्यांनी डोळे पुसले,
तर्रीवर ढकललं.

सोमवारी पाथर्डी फाट्याची शाळा. नववी ब.
कुत्ता गोळीचं चित्र दाखवलं तर
मागच्या बाकावर दोघांनी एकमेकांना कोपर मारलं;
ते चित्रापेक्षा जास्त सांगून गेलं.
त्यातला एक उठला.
'सर, तुम्ही कधी घेतली का?'
बाईंनी डोळे वटारले.

याचं उत्तर पुस्तिकेत आहे, पान एकोणीस:
स्वतःविषयी थोडक्यात बोला,
विषय विद्यार्थ्याकडे वळवा.

'नाही,' म्हटलं. 'दिली.'

'म्हणजे?'

खडू ठेवला.
तास पस्तीस मिनिटांचा,
त्यातली दहा गेलेली.